विकर्स पद्धतीने पोलादाची कठिनता कशी मोजावी

पोलादाच्या तुकड्याची ताकद जाणून घ्यायची आहे, पण ताण-चाचणीचा नमुना कापण्याएवढे द्रव्य हाताशी नाही, अशा वेळी विकर्स कठिनता चाचणी उपयोगी पडते. समोरासमोरच्या बाजूंमध्ये 136 अंशांचा कोन असलेला, चौरस पायाचा हिऱ्याचा पिरॅमिड ठरावीक भाराने पृष्ठभागात दाबायचा, भार काढल्यावर उरलेल्या ठशाचे दोन्ही कर्ण सूक्ष्मदर्शकातून मोजायचे आणि त्यांच्या सरासरीवरून कठिनता काढायची, एवढेच तिचे तत्त्व आहे. आपल्याकडे आयएस 1501 या मानकात तिची रीत दिली आहे.

पहिले काम पृष्ठभाग तयार करण्याचे. जाड एमरी पेपरपासून बारीक पेपरकडे जात शेवटी डायमंड पेस्टने आरशासारखी चकाकी आणावी आणि प्रत्येक टप्प्यावर आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याची खात्री करावी. ग्राइंडिंग करताना पाण्याचा प्रवाह कमी पडला, तर पृष्ठभाग तापून नरम होतो आणि आकडा कमी येतो. उलट जोर लावून घासल्यास वरचा पातळ थर ताणकठीण (दाबामुळे मूळ द्रव्याहून जास्त कठीण) होऊन आकडा फुगतो. टेम्परिंग (कडकपणा उतरवण्यासाठी पुन्हा माफक तापवणे) न झालेला, नुकताच क्वेंच केलेला, म्हणजे तापवून एकदम थंड केलेला नमुना बेकलाइट या प्लास्टिकमध्ये गरम माउंट करण्यापेक्षा, म्हणजे पकडीसाठी बसवण्यापेक्षा, थंड रेझिनमध्ये बसवणे बरे, कारण माउंटिंगच्या उष्णतेनेही त्याची कठिनता उतरू शकते. नमुन्याची वरची आणि खालची बाजू समांतर असावी.

भार निवडताना माझा आग्रह असा, की नमुना सोसेल तेवढा मोठा भार घ्यावा. कठिनता कर्णाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने कर्ण वाचताना झालेली चूक निकालात जवळजवळ दुप्पट होऊन उतरते. 700 एचव्ही (विकर्स कठिनतेचे एकक) कठिनतेच्या पोलादावर 0.3 किलोग्रॅम भाराने पडलेल्या ठशाचा कर्ण सुमारे 28 मायक्रॉन भरतो. तो एकच मायक्रॉन जास्त वाचला, तर निकाल 650 च्या आसपास येतो. तोच ठसा 10 किलोग्रॅमचा असता, तर त्याच चुकीने फरक जेमतेम नऊ अंकांचा पडला असता. मात्र नमुन्याची जाडी कर्णाच्या दीडपटीहून कमी नसावी.

भार हळूहळू, धक्का न देता चढवावा आणि पूर्ण भार 10 ते 15 सेकंद टिकवावा. टेबलाजवळ प्रेस किंवा कॉम्प्रेसर चालू असेल, तर कमी भाराच्या चाचण्या त्या वेळी करूच नयेत. पोलादात ठशाच्या केंद्रापासून नमुन्याची कड किमान अडीच कर्ण आणि शेजारच्या ठशाचे केंद्र किमान तीन कर्ण दूर असावे, कारण ठशाभोवतीचे द्रव्यही दाबले गेलेले असते. दोन कर्णांच्या लांबीत पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर बहुधा नमुना तिरका बसलेला असतो. अशा वेळी सरासरी काढून पुढे न जाता नमुना पुन्हा बसवावा.

भार किलोग्रॅममध्ये व कर्ण मिलिमीटरमध्ये घेऊन भाराला 1.8544 ने गुणावे आणि कर्णाच्या वर्गाने भागावे. 10 किलोग्रॅम भार आणि 0.250 मिलिमीटर कर्ण असल्यास उत्तर 297 येते आणि ते 297 एचव्ही10 असे लिहायचे असते (शेवटचा 10 म्हणजे किलोग्रॅममधील भार). साध्या कार्बन पोलादासाठी या आकड्याला सुमारे 3.2 ने गुणले, की ताणबळाचा (ओढल्यावर तुटण्यापूर्वी पोलाद सोसेल त्या कमाल ताणाचा) मेगापास्कलमधील अंदाज मिळतो, येथे साधारण 950. हा अंदाज ऑस्टेनिटिक स्टेनलेस (स्टेनलेस पोलादाचा एक प्रकार) किंवा ओतीव लोखंडाला लावू नये. ओतीव लोखंडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे लहान ठसे एकमेकांशी जुळतच नाहीत, तेथे 10 मिलिमीटरची गोळी दाबून मोठा ठसा घेणारी ब्रिनेल चाचणीच योग्य.

कार्ब्युराइझ केलेल्या, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवून कठीण केलेल्या गिअरचा कठीण थर मोजायचा असेल, तर दाताचा छेद घेऊन कडेपासून आत 1 किलोग्रॅमचे ठसे घेत जावे आणि कठिनता 550 एचव्हीवर उतरते तेथपर्यंतचे अंतर थराची खोली म्हणून नोंदवावे. 550 ला कर्ण सुमारे 0.058 मिलिमीटर असल्याने एकाच रेषेत 0.1 मिलिमीटरवर ठसे घेतले, तर ते एकमेकांच्या फार जवळ येतात. म्हणून ते दोन-तीन समांतर रेषांवर आळीपाळीने घ्यावेत.