आत्यासाठी माणदेशाची गोधडी: घरच्या जुन्या कापडांतून मुलखाची गोधडी कशी शिवावी

मागच्या वर्षी आमच्या आत्याची पंच्याहत्तरी झाली. आत्या लग्न होऊन गेली ती थेट कोइमतूरला. आटपाडी-विट्याकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली, त्यातलंच तिचं एक. तिला काय द्यायचं यावर घरात महिनाभर बोलणं चाललं होतं. साड्या तिच्याकडे कपाटभर. फोटोंची चौकट कुणीही देतं. शेवटी आम्ही घरातल्या पाच बायकांनी तिला माणदेशाची गोधडी शिवून दिली. साताऱ्याचा माण, सांगलीचा आटपाडी, सोलापूरचा सांगोला हा आमचा सगळा मुलूख एका पांघरुणात आणायचा होता.

ती पाहून अनेकींनी विचारलं, कशी केली. म्हणून सगळं मापासकट लिहीत आहे. तुमचा मुलूख वेगळा असेल तर कापडं बदलतील, रीत हीच.

आधी कापड, मग चित्र

आम्हीही सुरुवातीला चुकलो. कागदावर देवळं, बैल, डोंगर काढले आणि ते पांढऱ्या कापडावर रंगवून घ्यायचं ठरवलं. माझ्या सासूबाईंनी तो कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "अगं, बैल रंगवलास म्हणून तो माणदेशी होतोय व्हय? तुझ्या आजेसासऱ्याचं धोतर घाल त्यात. त्यानं आयुष्यभर खिलारंच राखली."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. मुलखाची गोधडी त्या मुलखात वापरलेल्या कापडाचीच हवी. दुकानातून आणलेल्या नव्या छापील कापडाची गोधडी सुंदर दिसेल, पण तिच्यावरून हात फिरवल्यावर कुणाला काही आठवणार नाही.

आम्ही जमवलं ते असं: दोन नऊवारी इरकली लुगडी, खणाच्या चोळ्यांचे तुकडे, एक धोतर, एक तांबडा पटका, पोरींचे जुने परकर, घोंगडीचा एक कोपरा आणि काकांचा सदरा. हा सदरा म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशीचा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथावर गुलाल-खोबरं उधळतात, त्यात तो वर्षानुवर्षं माखला. किती धुतला तरी खांद्यावरची गुलाबी छटा गेली नाही. तो खांदाच आम्ही कापून घेतला.

इरकल आणि खण दोन्ही मूळचे आजच्या कर्नाटकातले. बागलकोट जिल्ह्यात इलकलला लुगडं विणतात आणि गुळेदगुड्डला खण. पण आमच्याकडच्या बायांच्या अंगावर पिढ्यान्पिढ्या हेच होतं, त्यामुळे राज्याची हद्द बघून ते गाळायचा प्रश्नच नव्हता. विदर्भातल्या घरात करवतकाठी निघेल, गोव्यात लाल चौकड्यांचं कुणबी लुगडं, कोकणात पंचा. तुमच्या आजीच्या ट्रंकेत जे आहे ते घ्या.

गेलेल्या माणसाचं कापड घेताना घरातल्या थोरल्यांना विचारा. काही घरांत ते चालत नाही. आमच्या एका चुलतीनं नवऱ्याचं धोतर द्यायला चार दिवस घेतले, आणि दिलं तेव्हा स्वतः धुऊन, घडी घालून दिलं.

कापड पारखून घ्या

प्रत्येक कापड उजेडासमोर धरा. मग दोन्ही अंगठ्यांनी जरा ताणा. चर्रकन आवाज आला किंवा सूत सरकलं तर ते वरच्या बाजूला घालू नका, मधल्या थरात घाला. जुन्या इरकलीचा पदर रेशमी असतो आणि घडीवर फाटत जातो. तो वर हवाच असेल तर मागून मलमल लावून घ्या. पदर आणि अंग यांचे ताणे फासे घालून जोडलेले असतात. तो जोड दिसेल असा तुकडा कापला तर ओळखणाऱ्या बाईला ते लुगडं लगेच ओळखू येतं.

रंग जाण्याची भीती सगळ्यात मोठी. ओल्या पांढऱ्या फडक्यानं प्रत्येक कापड घासून बघा. फडक्यावर रंग उतरला तर कापड वेगळं भिजवून पाणी नितळ होईपर्यंत धुवा. पाच-सहा पाण्यांनंतरही रंग सुटत असेल तर जीव कितीही अडकलेला असला तरी ते सोडा. एका तांबड्या तुकड्यासाठी शेजारचं धोतर गुलाबी होतं.

घोंगडीनं आम्हाला चांगलंच रडवलं. नमुन्याची छोटी गोधडी केली तेव्हा घोंगडीचा तुकडा तसाच लावला होता. पहिल्या धुण्यात लोकर आटली आणि भोवतीचं सुती कापड चुण्या पडून गोळा झालं. म्हणून लोकर वापरायची तर आधीच कोमट पाण्यात दोन-तीनदा धुऊन, पुरती आटवून, मगच मापानं कापा आणि मागे सुती कापड लावा.

नायलॉन, पॉलिएस्टर घेऊ नका. सुई सरकते, अंगाला उकडतं, आणि सुतीबरोबर ते कधी नीट बसत नाही.

मापं

एका माणसाच्या गोधडीचं तयार माप ६० इंच रुंद, ९० इंच लांब धरा. टाके घालताना कापड थोडं आकसतं, म्हणून आतले थर आणि अस्तर ६६ बाय ९६ इंचाचं कापा.

नऊवारी लुगडं साधारण ३२४ इंच लांब आणि ४५ इंच रुंद असतं. त्याचे ९६ इंचाचे तीन तुकडे काढा. एक तुकडा उभा मधोमध कापा आणि एकेक अर्धा उरलेल्या दोघांना जोडा. एका लुगड्यात असे दोन थर निघतात, वर ३६ इंचाचा तुकडा ठिगळांसाठी उरतो. दोन लुगड्यांत चार थर झाले: एक अस्तर, दोन मधले, आणि एक वरच्या ठिगळांना आधार म्हणून. वरची बाजू धरून पाच थर होतात. याहून जास्त घालू नका. थंडीच्या मोहात पडून सहावा थर घातला की सुई जात नाही आणि बोटं सोलतात.

वरच्या बाजूची आखणी आम्ही अशी केली. चहूबाजूंनी ६ इंचाचा काठ, तो लुगड्यांच्या किनारींचा. आत ४८ बाय ७८ इंचाची जागा उरते. तिचे ६ इंचाचे चौकोन पाडले तर आडवे ८ आणि उभे १३ बसतात. मधोमध ४ बाय ५ चौकोनांची, म्हणजे २४ बाय ३० इंचाची जागा मोठ्या चित्रासाठी सोडा. उरतात ८४ चौकोन. प्रत्येक चौकोन ७ इंचाचा कापा, कारण अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. काठाच्या पट्ट्या ७ इंचाच्या आणि मधलं कापड २५ बाय ३१ इंचाचं.

चौकोन कापून झाले की शिवायची घाई करू नका. जमिनीवर मांडून दोन दिवस तसेच राहू द्या आणि येता-जाता बघा. आमचा मुलूख पर्जन्यछायेतला, कमी पावसाचा. काळी घोंगडी, पांढरी खिलारं, मुरमाची तांबूस जमीन, वाळलेलं गवत हे तिथले रंग. म्हणून हिरवा आम्ही मोजून सहाच चौकोनांत ठेवला, आणि तेही सगळे मधल्या चित्रात नदी आहे तिच्या जवळ. कोकणाची गोधडी असती तर हिशेब उलटा झाला असता.

मधलं चित्र: एकच, आणि साधं

सगळं दाखवायचा मोह होतो. आवरा. आम्ही शिखर शिंगणापूर निवडलं. चैत्रातल्या यात्रेत तिथं शंभू महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत कापडाचा लांबच लांब ध्वज बांधतात. मुलखाच्या सगळ्यात मोठ्या सोहळ्याच्या मधोमध कापडच आहे, आणि गोधडीला याहून योग्य काय मिळणार!

पटक्याच्या तांबड्या कापडाची दोन शिखरं कापली, कडा पाव इंच आत दुमडून हातशिलाईनं बसवली. दोन्हींच्या मध्ये धोतराची बोटभर रुंद पट्टी किंचित सैल सोडून लावली, म्हणजे ती वाऱ्यावर झुलल्यासारखी दिसते. खाली निळ्या दोऱ्याच्या धावदोऱ्याच्या तीन ओळी, ती माणगंगा. कोपऱ्यात खिलार बैलाची नुसती शिंगं, पांढऱ्या साखळी टाक्यानं. बैल पुरता काढला नाही. ती लांब, मागं वळलेली शिंगं बघून आमच्याकडचं लहान पोरही खिलार ओळखतं.

थर बसवणं

चौकोन एकमेकांना मशीनवर जोडायला हरकत नाही. आधी आडव्या ओळी, मग ओळीला ओळ. प्रत्येक शिवण इस्त्रीनं दाबून घ्या. पुढचं काम मात्र हातानंच करा.

स्वच्छ फरशीवर अस्तर उलटं पसरा, कडांना वजनं ठेवा. त्यावर एकेक थर घाला आणि दरवेळी मधून कडेकडे तळहातानं सारत चुण्या काढा. शेवटी वरची बाजू. मग मोठे कच्चे टाके घाला, हेही मधून सुरू करून बाहेर, सहा-सहा इंचांवर, उभे आणि आडवे. या कामाला एक सबंध दुपार द्या. इथं चुणी राहिली की ती जन्मभर राहते.

आमच्या आजीची रीत होती की थर झाकायच्या आधी मध्ये ज्वारीचे चार दाणे ठेवायचे, पांघरणाऱ्याला कधी उपाशी झोपायला लागू नये म्हणून. दाण्यांना कीड लागते, म्हणून आम्ही ते खमंग भाजून, मलमलीत घट्ट शिवून ठेवले.

आता वाढीव कडा सारख्या करा. अस्तर वरच्या बाजूपेक्षा दीड इंच बाहेर राहील असं कापा, मधले थर वरच्या बाजूइतके. अस्तराची ती कड दोनदा दुमडून वर आणा आणि हातशिलाईनं बंद करा.

टाके

दाभण घेऊ नका, कापडाला भोकं पडतात. लांब, मजबूत सुई आणि जाड सुती दोरा घ्या. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या, गुंता होत नाही. एका वेळी दीड हातच दोरा. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घाला. पहिल्या दिवशी नको वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय चालत नाही.

टाका साधा धावदोऱ्याचा. कडेपासून सुरू करा आणि चौकटीत चौकट अशी आत आत जा. दोन ओळींत एक इंच अंतर, इंचाला तीन-चार टाके. गाठ थरांच्या मध्ये ओढून घ्या, वर दिसायला नको. मधल्या चित्रापाशी आलात की चित्राच्या कडेकडेनं जा, शिखरांवरून आडवा टाका नेऊ नका.

६० बाय ९० इंचाच्या गोधडीत या हिशेबानं सुमारे १३५ मीटर लांबीचे टाके पडतात, म्हणजे १६ ते २१ हजार टाके. दोरा २०० मीटर लागेल असं धरा. एकटीनं हे करायला दोन-तीन महिने लागतात. चार बाजूंना चौघी बसल्या तर काम भराभर सरतं. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. माझ्या जावेचा बारीक, माझा मोकळा. ते उसवून सारखं करू नका. आत्यानं नुसत्या टाक्यांवरून कुठली बाजू कुणाची ते सांगितलं.

नावं लिहून ठेवा

हे बहुतेकजण विसरतात, आणि वीस वर्षांनी गोधडी नुसतं पांघरूण उरते. कापतानाच वहीत प्रत्येक चौकोनाला आकडा द्या: कुणाचं कापड, कुठल्या गावचं, कधी वापरलेलं. अस्तराच्या एका कोपऱ्यात उलट्या टीपेनं गाव, साल आणि शिवणाऱ्यांची नावं घाला. पेनानं लिहू नका, धुण्यात जातं. वहीची एक प्रत गोधडीबरोबर द्या.

धुणं आणि ठेवणं

थंड पाणी, सौम्य साबण, हातानं. पिळू नका, दाबून पाणी काढा. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरा, नाहीतर ओल्या वजनानं मध्ये ताण येतो. आमच्याकडं नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या निघतात, तेव्हा वर्षातून एकदा हिचंही धुणं पुरे. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी ऊन दाखवा. ठेवताना प्लास्टिकमध्ये नको, जुन्या सुती चादरीत गुंडाळा आणि दरवेळी घडी वेगळ्या जागी घाला.

भिंतीवर टांगायची का, असं आत्याच्या सुनेनं विचारलं होतं. आत्यानं ऐकून घेतलं नाही. कोइमतूरला थंडी ती किती, तरी ती रोज पायावर घेऊन झोपते. परवा फोनवर म्हणाली, "अगं, उजव्या हाताला तिसरा चौकोन आहे ना, जांभळ्या खणाचा? ती वैनीची चोळी. मला सोडायला स्टँडवर आली तेव्हा हीच अंगात होती." वहीत आम्ही त्या चौकोनापुढं फक्त 'जुना खण' असं लिहिलं होतं. आता ते खोडून नीट लिहिलं आहे.