कार्बोरेटरची मोटारसायकल स्लोवर टिकत नसेल तर

१ एप्रिल २०२० रोजी प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींमध्ये कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले, तरी नागपुरात त्याआधीच्या गाड्या अजूनही भरपूर धावतात. व्हरायटी चौकात सिग्नलला रेस सोडताच गाडी बंद पडते, ही त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार. त्यावर आयडल स्क्रू आवळून स्लो, म्हणजे रेस सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, वाढवून देण्याची पद्धत सर्रास आहे. पण तो उपाय बहुधा दोष झाकण्यापुरताच असतो. रेस पूर्ण सोडलेली असताना इंजिनाला पेट्रोल मुख्यतः कार्बोरेटरमधील पायलट जेट या छोट्या पितळी भागातून मिळते आणि लहान गाड्यांत त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. ते तुंबले असताना स्क्रू आवळला, तर थ्रॉटल किंचित उघडा राहून गाडी चालू राहते खरी, पण जेट तुंबलेलेच राहते.

म्हणून स्क्रूला हात लावण्यापूर्वी लक्षण नीट ओळखावे. इंजिन गरम असताना चोक, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ, थोडा ओढून पाहावा. त्याने स्लो सुधारला, तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे, म्हणजे पायलट जेट तुंबले आहे किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधून बाहेरची हवा आत शिरत आहे. चोक ओढताच गाडी आणखी गुदमरली, प्लग काळा व काजळीने माखलेला निघाला आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई नीट बसत नसावी किंवा एअर फिल्टर कोंदला असावा. सिमेंट रस्त्यांची कामे चालू असलेल्या भागात रोज ये-जा असेल, तर फिल्टर आधी पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. हँडल वळवल्यावर स्लो वाढत असेल, तर कार्बोरेटर निर्दोष असून रेसची केबल ताणली जात आहे.

हवा शिरत असल्याचा संशय असेल, तर चालू इंजिनाच्या मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) जोडावर साबणाचे पाणी थोडे थोडे टाकावे. आवाज बदलला, तर तेथील ओ-रिंग किंवा रबर बदलावे. या तपासणीसाठी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची सवय काही जणांना असते. ती सरळ आगीला आमंत्रण देणारी आहे.

यानंतर, इंजिन थंड असताना आणि आसपास कोठेही ज्योत किंवा विडी-सिगारेट नाही याची खात्री करून, फ्लोट चेंबरखालचा ड्रेन स्क्रू सैल करावा व पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यावे. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाटलीत तळाशी वेगळा थर दिसू शकतो. तसे असेल, तर टाकीही रिकामी करावी लागते, नाहीतर धुतलेला कार्बोरेटर लवकरच पुन्हा बिघडतो. पायलट जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने व हवेच्या दाबाने साफ करावे. त्यात तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र जरा मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. क्लीनर वापरण्यापूर्वी रबरी भाग काढून ठेवावेत. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत फिरवून फेरे मोजावेत व लिहून ठेवावेत.

एवढे करूनही गरम झाल्यावरच गाडी बंद पडत असेल, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू, तपासावेत. ते फार आवळलेले असले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि स्लोवर दाब पुरत नाही. या फटीचे मोजमाप थंड इंजिनावरच घ्यावे.

सेटिंग मात्र इंजिन पूर्ण गरम झाल्यावर करावे. आयडल स्क्रूने स्लो स्थिर करून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत इंजिन सर्वांत वेगाने व एकसारखे चालेल ती जागा शोधावी, मग आयडल स्क्रूने वेग गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यावर आणावा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांसाठी तो मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो सहसा पेट्रोलचा असतो आणि सैल केल्यास पेट्रोल वाढते; फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा, त्याचे काम उलटे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना हवा विरळ असते, त्यामुळे त्या वेळी जुळवलेले मिश्रण डिसेंबरच्या थंडीत थोडे पातळ पडू शकते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. अशा वेळी पेट्रोलचा स्क्रू पाव फेरा सैल करणे किंवा हवेचा तितकाच आवळणे सहसा पुरेसे असते.