दुकान चालवायला शिकताय? या चुका टाळा

पदवी घेऊन रिटेलमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून येणारी बहुतेक मुले पहिल्याच दिवशी विक्रीचे आकडे मागतात. मागच्या दाराशी माल कसा उतरतो हे पाहायची हौस मात्र फार थोड्यांना असते. म्हणूनच माल न मोजता चलनावर, म्हणजे मालासोबत येणाऱ्या यादीवर, सही करण्याची चूक दर वर्षी नव्याने होते आणि तिचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे.

नाशिकला गंगापूर रस्त्यावरील एका दुकानात मी व्यवस्थापक असताना दिवाळीच्या तोंडावर भाजक्या पोह्यांची गाडी आली. चलनावर ४० खोकी होती, प्रत्येकात १२ पाकिटे. चालकाला पुढे सिन्नर गाठायचे होते, म्हणून आमच्या प्रशिक्षणार्थीने वरवर नजर टाकून सही केली आणि ४८० पाकिटांची आवक नोंदवली. उतरली होती ३६ खोकी. ४३२ पाकिटे विकली जाताच फळी रिकामी झाली, पण संगणकाच्या हिशेबी ४८ शिल्लक होती, आणि शिल्लक ४० वर आल्याशिवाय मागणी आपोआप जात नसल्याने नवा माल निघालाच नाही. वसुबारसेपासून दोन दिवस गिऱ्हाईक चिवड्याचे पोहे विचारत होते आणि हा पडद्याकडे पाहून ‘आहेत, आहेत’ म्हणत गोदामात शोधत होता. सही झालेली असल्यामुळे पुरवठादाराने तूट मान्य केली नाही. त्या नोंदीखाली दुसरी सही माझी होती, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हापासून मी खोक्यांवर खडूने क्रमांक घालतो, एखादे खोके उघडून पाकिटे मोजतो आणि कमी भरल्यास चलनावर तसे लिहून चालकाची सही घेतो. रोज सकाळी, शिल्लक दिसत असूनही आदल्या दिवशी एकही नग न विकलेल्या चालत्या वस्तू फळीवर जाऊन पाहतो. तफावत दिसताच संगणकातील आकडा दुरुस्त करून मोकळे होण्याची पळवाट मला अजिबात मान्य नाही, कारण त्याने चूक कुठे झाली हे कायमचे झाकले जाते.

८० रुपयांची वस्तू १०० रुपयांना विकल्यास नफा खरेदीवर २५ टक्के आणि विक्रीवर २० टक्के असतो. बैठकीत बोलण्यापूर्वी आपण कोणता आकडा सांगतो आहोत ते पाहावे. नवा माल पुढे आणि मुदत संपत आलेला मागे लावू नये. मुख्य कार्यालयाच्या आराखड्यात आहे म्हणून फेब्रुवारीत दारातच द्राक्षे रचू नयेत. नाशिकमध्ये अनेकांच्या घरी ती नातेवाइकांच्या मळ्यातून पेटीने येतात. हे आमच्या काउंटरवरच्या मावशींनी सांगितले होते, पण त्यांना विचारायचे कोणाला सुचले नव्हते.

तिसऱ्याच महिन्यात मुंबईच्या कार्यालयात बदली मागणारेही भेटतात. त्यांना मी आधी पगाराच्या आठवड्यातील रविवारी संध्याकाळी बिलिंगला उभे करतो.