कोंबडी ‘अचानक’ मरत नाही: परसातल्या कोंबड्यांच्या दुखण्यात या चुका टाळा

“कालपर्यंत तर चांगली होती!” कोंबडी दगावली की पहिलं वाक्य हेच. मीही दोनदा म्हटलंय. खरं तर ती कालही आजारीच होती. कळपात दुबळी दिसली की बाकीच्या कोंबड्याच टोचून टोचून जीव नकोसा करतात, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत कोंबडी दुखणं लपवते. ज्वारी टाकली की सगळ्यांबरोबर पळत येते, चोचही मारते, पण गिळत नाही. आपण ओट्यावरून बघतो आणि म्हणतो, खातेय की!

तेव्हा पहिली चूक म्हणजे लांबून बघणं. सकाळी खुराडं उघडताना शेवटी कोण बाहेर येतं ते पाहा. पिसं फुगवून, मान आखडून, शेपूट पाडून बसलेली असेल तर दाणे टाकायच्या आधीच हातात घ्या. गळ्याखालची पिशवी सकाळी रिकामी लागायला हवी. कणकेच्या गोळ्यासारखी भरलेली लागली तर कालचं खाणं खाली उतरलेलंच नाही. मग छातीचं हाड चाचपा. पिसांमुळे कोंबडी गुबगुबीत दिसते, हाताला मात्र हाड विळ्याच्या पात्यासारखं लागतं. आठवड्यातून एकदा पिशवीत घालून वजन केलं तर हे फार आधी कळतं. शेजारी हसतात, हसू द्या.

आता उलटी चूक, नको तिथे घाबरणं. अंडी उबवायला बसलेली खुडूक कोंबडीही पिसं फुगवून बसते, दिवसाकाठी जेमतेम एकदा उठून खाते. पण तिच्याखाली हात घाला, गुरगुरून चोच मारेल. आजारी कोंबडी मुकाट उचलू देते. मधूनच पडणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट नेहमीचीच. सतत हिरवी पातळ किंवा रक्ताची शीट मात्र नेहमीची नव्हे. आपल्याकडे मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारी सगळ्याच कोंबड्या पंख पसरून धापा टाकतात. सावली आणि थंड पाणी द्या. पहाटेच्या गारव्यात एकटीच चोच उघडून घरघर करत असेल, तर ते उन्हाचं नाही.

सगळ्यात महाग पडते ती घरगुती डॉक्टरकी. घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक गोळी चुरून देणं, मेडिकलवाल्याला विचारून डोस ठरवणं, हे सर्रास चालतं. पुष्कळदा आजार विषाणूचा असतो, त्यावर ती गोळी काही करत नाही. औषधाचा अंश मात्र अंड्यात उतरतो. दुसरं, चोच उघडून पाणी ओतणं. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या लगेच मागे उघडते, ओतलेलं पाणी तिच्यातच शिरतं. माझी तांबडी अशीच गेली, मूळ दुखणं राहिलं बाजूला. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की मान पिळवटते, शीट हिरवी होते, पाय लुळे पडतात. यावर औषध नाही, लसच आहे: पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, सहा ते आठ आठवड्यांची झाली की आरटूबी. साथ खुराड्यात शिरल्यावर आजारी कोंबडीला लस टोचून ती बरी होत नाही. आणि लस बर्फातूनच आणायची. भर उन्हात एसटीतून पिशवीत आलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी. तुऱ्यावर फोड आणणारी देवी डासांमुळेही पसरते. तीत बहुतेक वाचतात, फोड डोळ्यांवर किंवा घशात गेले तर अवघड.

अंडं अडकलं असेल तर कोंबडी ताठ उभी राहून सारखा जोर करते. कोमट पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग अंधाऱ्या शांत जागी डालग्याखाली ठेवा. बोटाने अंडं फोडायला जाऊ नका. त्याच दिवशी उतरलं नाही तर दवाखाना गाठा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाणं जमत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय सेवेच्या 1962 वर फोन करा.

“मरायच्या आधी कापून टाका” हा सल्ला नक्की मिळेल. ऐकू नका. जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. एकदम तीन-चार मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, नाल्यात टाकू नका. आधी दवाखान्यात कळवा. इतर वेळी मेलेल्या कोंबडीसाठी कुत्री उकरणार नाहीत असा खोल खड्डा आणि वर चुना.

कधी कधी डॉक्टरच सांगतात, आता त्रास वाढवण्यात अर्थ नाही. “कोंबडीच तर आहे” म्हणणाऱ्यांना तिथे बोलावू नका. सुई देऊन शांतपणे जाऊ देणं वाईट नाही. पोरांनाही खरं सांगा, “गावाला गेली” नको.

आणि रिकामी जागा भरायला त्याच आठवड्यात बाजारातून नवी कोंबडी आणू नका. आणलीच तर तीन-चार आठवडे वेगळ्या डालग्यात, वेगळं पाण्याचं भांडं, आणि दाणा-पाणी आधी जुन्यांना, मग तिला.