स्नॅपशॉट असताना व्हीएमची डिस्क वाढवायची? आधी एवढं बघून ठेवा

डिस्क भरली की हात आधी साइझ वाढवायच्या कमांडकडेच जातो. माझाही गेला होता. व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमधल्या एका व्हर्च्युअल मशीनची (व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा संगणक) ४० जीबीची डिस्क ८० करायची होती. कमांड दिली, शंभर टक्के झालं, एरर काहीच नाही. मशीन चालू केलं तर आत डिस्क ४० चीच. पुन्हा कमांड, पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा ४०. अर्धा दिवस असा घालवल्यावर मशीनच्या फोल्डरमधलं ‘स्नॅपशॉट्स’ हे फोल्डर उघडून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला: मी वाढवत होतो ती फाइल तळाची, आणि मशीन चालत होतं वरच्या फाइलवर.

म्हणून पहिलं काम हे की आपली डिस्क नेमकी किती फायलींची आहे ते पाहून घ्या. स्नॅपशॉट (मागे परतता यावं म्हणून टिपून ठेवलेली मशीनची स्थिती) घेतला की मूळ फाइल गोठते. त्यानंतर जे काही लिहिलं जातं ते फरकाच्या नव्या फाइलमध्ये जातं, आणि डिस्क केवढी आहे याचा आकडा त्या प्रत्येक फाइलमध्ये वेगळा नोंदलेला असतो. गेस्टला (व्हीएमच्या आतल्या सिस्टीमला) दिसतो तो सगळ्यात वरच्या फाइलचा आकडा. ही वरची फाइल ओळखायला सोपी असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिचं नाव म्हणजे महिरपी कंसातला लांबलचक आयडी, अशाच इतर सॉफ्टवेअरपैकी व्हीएमवेअरमध्ये नावामागे ०००००१ असा आकडा लागतो, हायपर-व्हीमध्ये एक्स्टेन्शन एव्हीएचडीएक्स होतं. क्यूईएमयू वापरत असाल तर ‘क्यूईएमयू-आयएमजी इन्फो’ला बॅकिंग चेनचा पर्याय जोडा, एकावर एक रचलेल्या फायलींची अख्खी साखळी समोर येते. स्नॅपशॉटची यादी रिकामी आहे एवढ्यावर मात्र विसंबू नका. बॅकअपचं सॉफ्टवेअर मध्येच अडखळलं तर त्याने घेतलेला तात्पुरता स्नॅपशॉट यादीत न दिसताही मागे राहू शकतो. मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्क म्हणून कुठली फाइल जोडली आहे, ते नाव वाचा; खरं काय ते तिथे कळतं.

आपला हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) अशा वेळी कसा वागतो हेही आधी माहीत हवं. व्हीएमवेअर स्नॅपशॉट असताना साइझचा रकानाच करडा करून ठेवतो, आणि ते बरंच आहे. त्याला वळसा घालून कमांडने तळाची फाइल वाढवायच्या फंदात पडू नका, साखळी तुटते. हायपर-व्हीतही मूळ फाइल परस्पर वाढवली की वरच्या आणि खालच्या फाइलचा आकार जुळत नाही म्हणून मशीन उठायलाच नकार देतं. क्यूकाऊ२ (क्यूईएमयूचा डिस्क फॉरमॅट) फाइलच्या पोटात स्नॅपशॉट असेल तर क्यूईएमयूच्या जुन्या आवृत्त्या सरळ नाही म्हणतात. नव्या आवृत्त्यांत या फॉरमॅटच्या तिसऱ्या व्हर्जनची फाइल वाढवता येते. व्हर्च्युअलबॉक्स मात्र मुकाट्याने तळाची फाइल वाढवून मोकळा होतो. माझ्या मते हेच सगळ्यात वाईट, कारण काम झालंय असं वाटत राहतं.

मशीन पूर्ण बंद करा. सेव्ह स्टेट किंवा सस्पेंड चालणार नाही, आतून शटडाउन हवं. मग मशीनचं अख्खं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. ‘स्नॅपशॉट आहे की, बॅकअप कशाला?’ असं कोणी म्हणेल, पण स्नॅपशॉट त्याच तळाच्या फाइलवर उभा असतो. ती गेली की तोही गेला.

आता स्नॅपशॉट काढायचे. इथे लोक बटणांत फसतात. ‘डिलीट’ म्हटलं की आपलं आजचं काम उडेल अशी भीती वाटते आणि हात ‘रिस्टोअर’वर जातो. खरं उलट आहे. डिलीट केल्यावर पुसला जातो तो फक्त मागे परतायचा थांबा. वरच्या फाइलमधला डेटा खालच्या फाइलमध्ये मिसळला जातो आणि मशीनची आजची स्थिती जशीच्या तशी राहते. रिस्टोअर, व्हीएमवेअरमधलं रिव्हर्ट किंवा हायपर-व्हीतलं अप्लाय मात्र मशीनला जुन्या तारखेला नेतं, आणि मधलं सगळं जातं. बटण दाबण्याआधी त्यावरचा शब्द दोनदा वाचा. फरकाच्या फायली एक्स्प्लोररमधून हाताने उडवणं तर मुळीच नको.

या मिसळण्याला होस्टवर (व्हीएम ज्यावर चालते त्या खऱ्या संगणकावर) जागा लागते आणि वेळही. फरकाची फाइल वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते, म्हणून एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं व्हीएमवेअर सांगतं. महिनोन्‌महिने साचलेला असेल तर काही तास धरून चला. प्रोग्रेस ९९ वर अडकलेला दिसला तरी प्रोसेस मारू नका. फायलींची वेळ आणि आकार बदलतोय का ते बघत बसा. जागाच नसेल, किंवा जुना स्नॅपशॉट राखायचाच असेल, तर दुसऱ्या ड्राइव्हवर फक्त आजच्या स्थितीचा फुल क्लोन (मशीनची स्वतंत्र पूर्ण प्रत) काढा. क्लोनला साखळी नसते, तो बिनधास्त वाढवता येतो. मी शेवटी हेच केलं होतं. क्लोनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बदलू शकतो, त्यावर काही अवलंबून असेल तर तेवढं बघा.

वाढवण्याची कमांड मग दोन मिनिटांची. व्हर्च्युअलबॉक्सला आकडा एमबीमध्ये लागतो आणि तो एकूण आकाराचा असतो, वाढीव भागाचा नव्हे. ८० जीबी म्हणजे ८१९२०. फिक्स्ड साइझची डिस्क तो वाढवत नाही, आधी डायनॅमिक प्रकारात क्लोन करावी लागते.

गेस्टच्या आतलं काम वेगळंच उरतं. विंडोजमध्ये सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसतं आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं दिसतं. ते हलवल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय गत्यंतर नाही. लिनक्समध्ये क्रमाने वर चढायचं: ग्रोपार्टने पार्टिशन, एलव्हीएम (डिस्कच्या जागेची वाटणी करणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर पीव्हीरिसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड, शेवटी फाइल सिस्टीम. ईएक्सटी४ ला रिसाइझ२एफएस, एक्सएफएसला एक्सएफएस ग्रोएफएस. एमबीआर या जुन्या प्रकारचं पार्टिशन टेबल असेल तर साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही.

तळाची फाइल आधीच वाढवून बसला असाल, तर व्हीएमवेअर आणि हायपर-व्हीवर मशीन चालू करायचे प्रयत्न थांबवा आणि कॉपीवरून परत आणा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सहसा डेटा शाबूत असतो, आजच्या स्थितीचा क्लोन काढून पुढे जा.

आत नवा आकडा दिसला, एक पूर्ण रीस्टार्टही नीट झाला, की मग हवा तर नवा स्नॅपशॉट घ्या. जुनी कॉपी आठवडाभर राहू द्या. आणि स्नॅपशॉटच्या नावात तारीख आणि कारण घाला. माझ्या त्या स्नॅपशॉटचं नाव नुसतं ‘टेस्ट’ होतं, आणि तो मीच घेतला होता.