जुने आयटम नव्या ईआरपीत चढवताय? आधी युनिट बघा

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टॉक आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. बॅकअप घ्या. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली आयटमच्या यादीची फाइल एकाच माणसाकडे ठेवा. हे सांगायला लागत असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

आता मी मागच्या वेळी जिथे आपटलो ते. युनिट. आमच्या फाइलमध्ये युनिटचा कॉलम होता आणि तो कोणीच वाचत नव्हतं. एम ८ बाय २५ चे हेक्स बोल्ट किलोवर विकत घ्यायचो, म्हणून कॉलममध्ये 'किलो'. स्टोअरमधून द्यायचे मात्र मोजून, म्हणून शिल्लक ३,५००, म्हणजे नग. दोघंही एकाच ओळीत वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. मी ती ओळ आहे तशी चढवली. १२० रुपये किलोने ३,५०० किलो, म्हणजे ४ लाख २० हजारांचे बोल्ट. काट्यावर टाकले तर किलोत साधारण ७० बसतात. खरा माल ५० किलो, ६,००० रुपयांचा.

हे कळलं पाचव्या दिवशी, तेही अकाउंट्सवाल्यांना. तोवर त्या आयटमवर एंट्र्या पडलेल्या. ईआरपीनेक्स्ट घ्या नाहीतर सॅप, स्टॉकच्या एंट्र्या झाल्यावर आयटमचं मूळ युनिट सहजासहजी बदलू देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. नवा कोड काढा, जुन्यावरचा स्टॉक शून्य करा, जुना कोड बंद करा. दोनशेच्या घरात आयटम होते असे. तीन रविवार गेले.

म्हणून फाइल युनिटवर सॉर्ट करा. किलो, मीटर, लिटर, रोल, बॉक्स, जोडी, सेट असलेली प्रत्येक ओळ छापा आणि कागद घेऊन रॅकपाशी जा. स्टोअरकीपरला "याचं युनिट काय?" असं विचारू नका, तो फाइलमध्ये आहे तेच सांगेल. "हे देताना कसं देता?" असं विचारा. आमचे काका म्हणाले, "वायर मीटरवर मागतात साहेब, पण मी बंडल फोडत नाही." आता हे कुठल्या कॉलममधून कळणार होतं?

खरेदीचं युनिट, स्टॉकचं युनिट आणि एकात दुसरे किती, असे तीन कॉलम करा. ज्यात देता ते स्टॉकचं युनिट. भावही त्याच युनिटचा हवा: स्टॉक नगात तर १२० नाही, १ रुपया ७१ पैसे. नग, नॉस, पीसीएस, पीस यातलं एकच काहीतरी ठेवा. नगाला 'पूर्ण संख्याच' ही खूण लावा, नाहीतर कोणीतरी अडीच बोल्ट देईल. दिलेत आमच्याकडे.

कोड. फाइल थेट उघडू नका, एक्सेलमध्ये इम्पोर्ट करतानाच कोडचा कॉलम 'टेक्स्ट' करा. एक्सेल ००४५ चं ४५ करतं, १०-१२ ची तारीख करतं, १२ई५ चं बारा लाख करतं. नंतर फॉरमॅट बदलून गेलेली शून्यं परत येत नाहीत. सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर व्यासाच्या खुणेच्या जागी किडे दिसतील.

डुप्लिकेट काढण्याचं काम एक्सेलच्या बटणावर सोडू नका. ६२०४ झेडझेड आणि ६२०४ २झेड ही एकाच प्रकारची बेअरिंग, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, फक्त लिहिण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी. ६२०४ २आरएस मात्र वेगळं, त्याला रबरी सील. मशीनला हे कळत नाही. मेंटेनन्सच्या माणसाला चहा पाजा आणि शेजारी बसवा. त्याच बैठकीत न हललेले आयटमही काढून टाका. पाच वर्षं कोणी मागितलं नाही ते नव्या सिस्टिमला कशाला?

एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी मालाच्या वर्गाचा कोड, तोही बघा. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ एप्रिल २०२१ पासून बिलावर किमान ६ अंकी लागतो, जुन्या फाइलमध्ये बहुतेक ७३१८ एवढंच असेल. जीएसटीचे दरही जुने असतील. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदललेत, तेव्हा १२ आणि २८ टक्के दिसलं की थांबा. सॅपमध्ये वर्णनाला ४० अक्षरं मिळतात, साइज आधी लिहा, पुराण नंतर.

मग टेस्ट सर्व्हरवर वीस आयटम. सोपे नकोत, वाकडे निवडा: वायर, ग्रीस, पत्रा, बोल्ट. प्रत्येकाची खरेदी करा, जीआरएन (माल आल्याची नोंद) करा, थोडा माल द्या, शिल्लक आणि किंमत कागदावर ताडून बघा. मी वीस बेअरिंग घेऊन टेस्ट केली होती. सगळी नगावर. अर्थात पास झाली.

ओपनिंग स्टॉक, म्हणजे नव्या सिस्टिममधली सुरुवातीची शिल्लक, मोजून भरा, जुन्या रिपोर्टवरून नाही. मोजणीच्या कागदावर आकड्यापुढे युनिट लिहायला लावा. हो, परत तेच. नुसतं '५०' लिहिलेला कागद परत पाठवा.

गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम सुरू होण्याच्या, आदल्या संध्याकाळी स्टोअर बंद, अर्धवट पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) वेगळे, क्यूसीत (तपासणीत) अडकलेला माल वेगळा. आधी आयटम, मग स्टॉक. एकूण किंमत अकाउंट्सच्या आकड्याशी जुळवा. नाही जुळली तर सगळ्यात महागडे पन्नास आयटम काढा आणि त्यांचं युनिट बघा.