यूपीव्हीसी खिडक्या-दारांवरचा नको असलेला रंग काढताना

यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक पीव्हीसी प्लॅस्टिकच्या चौकटीवरचा रंग काढायचं काम आलं की नवखा माणूस आधी थिनरचा डबा शोधतो. लोखंडावर, काचेवर ते चाललेलं असतं, म्हणून इथेही चालेल असं त्याला वाटतं. पण थिनरमध्ये सहसा टोल्युइन, अ‍ॅसिटोन असे द्रावक असतात आणि ते पीव्हीसीला फुगवतात, मऊ करतात. प्लॅस्टिकचे पाइप जोडायचं सोल्यूशन याच जोरावर चालतं: दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळतात आणि एकजीव होतात. खिडकीवर तेच घडलं तर डाग चौकटीत मुरतो, आणि मग तो कुणालाच काढता येत नाही.

म्हणून नवीन मुलांना मी बाटलीला हात लावण्याआधी झडप उघडायला लावतो. झडप बंद असताना जो भाग झाकलेला असतो, तिथे चौकटीचा मूळ रंग दिसतो. बाहेरून लाकडी रेषा आणि आत पांढरं किंवा तपकिरी प्लॅस्टिक दिसलं, तर वर फॉइल, म्हणजे रंगीत प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, चिकटवलेली आहे. कोपरा बघा. दोन तुकडे वितळवून जोडलेल्या रेषेवर रंगाच्या पेनाने ओढल्यासारखी बारीक पट्टी असते, ती फॉइलवाल्या चौकटीची खूण. कोपऱ्याची रेषाही एकसारख्या रंगाखाली झाकलेली असेल, तर चौकट फवारणीने रंगवलेली असण्याची शक्यता जास्त. आरपार पांढरी चौकट सगळ्यात सोसणारी, कारण वर खरवडलं गेलं तरी खाली तोच रंग. काही रंगीत चौकटींना अ‍ॅक्रिलिकचा कडक थर असतो. तो दिसायला दणकट वाटतो, पण अल्कोहोलने त्याला केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात.

चौकट ओळखली की वरचा रंग ओळखायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन डागाच्या कडेला हलकेच घासा (अ‍ॅक्रिलिकचा थर असेल तर ही चाचणी नको). रंग चिकट होऊन कापसावर आला तर भिंतीचं इमल्शन. ढिम्म हलला नाही तर बहुधा ऑइल पेंट. कोणतंही द्रावण आधी झडपेआडच्या जागी लावून बघायचं, आणि नजर डागावर कमी, कापसावर जास्त ठेवायची. डागाचा रंग कापसावर आला तर चालू द्या. चौकटीचा आला तर तिथल्या तिथे थांबा.

इमल्शनचे शिंतोडे सोपे असतात, फक्त धीर लागतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून फडकं भिजवायचं आणि डागावर नुसतं ठेवून द्यायचं. घासायचं नाही. थोड्या वेळाने थेंबाची कड पांढुरकी होऊन उचलू लागते. तिथे नख किंवा प्लॅस्टिकची पट्टी अगदी आडवी धरून सरकवली की अख्खा थेंब सालीसारखा निघतो. घाई करून मधोमध खरवडलं तर मधला भाग निघतो आणि कडेचं कडं तसंच राहतं. पाणी कोमटच हवं. यूपीव्हीसी साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, त्यामुळे उकळतं पाणी नको. हीट गन तर पेटीतच ठेवा, तिची हवा काही शे अंशांची असते.

ऑइल पेंट ओला असेल तर मिनरल टर्पेंटाईनच्या फडक्याने निघतो. वाळलेल्यावर टर्पेंटाईनचं फारसं चालत नाही, पण तिथे दुसरी गोष्ट मदतीला येते. गुळगुळीत चौकटीवर ऑइल पेंटची पकड मुळातच कमी असते. आधी घासून न घेता कुणी अख्खी चौकट रंगवली असेल, तर पोपडा कुठेतरी सुटलेला असतोच. तिथून प्लॅस्टिकची पट्टी घालत पुढे जायचं. ब्लेड काचेसाठी. फॉइलवर ब्लेडचा एकच ओरखडा पडला तरी खालचा पांढरा रंग डोकावतो.

यूपीव्हीसीसाठीचे खास क्लीनर दोन जातीचे मिळतात: पृष्ठभाग कमी-जास्त विरघळवणारे आणि अजिबात न विरघळवणारे. पहिले फक्त पांढऱ्या चौकटीसाठी. फॉइलवर आणि फवारलेल्या रंगावर ते आणायचेच नाहीत. लेबल न वाचता काम करणारे जुने रंगारीही मी पाहिले आहेत. अनुभवाने वास ओळखता येतो, डबा नाही. मेथिलीन क्लोराइडवाला पेंट रिमूव्हर तर प्लॅस्टिकच्या जवळपासही नको.

पांढरा ‘जादूचा’ स्पंज मऊ लागतो, पण तो मुळात बारीक पॉलिश पेपरच. पांढऱ्या चौकटीची गेलेली चकाकी पॉलिशने परत आणता येते, फॉइलची नाही. तिरप्या उजेडात तो घासलेला ठिपका कायम दिसतो. तारेच्या घासणीचे कण मागे राहून गंजतात, त्यामुळे तीही बाद. फॉइलच्या रेषांत बसलेला रंग नायलॉनच्या मऊ ब्रशने, रेषेच्या दिशेनेच काढायचा. तरी सावली उरली तर तिथे थांबणं हेच कौशल्य आहे, आणि ते शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

रबराकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. काचेभोवतीचं रबर बऱ्याचदा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. टर्पेंटाईनने ते फुगतं आणि खाचेतून बाहेर येतं. तिथे साबणपाणीच. चौकटीच्या तळाची पाणी जायची भोकंही तपासा, रंगाने बुजली असतील तर पावसाचं पाणी आत येतं.

मालकाशी दर ठरवण्याआधी एका कोपऱ्यात हातभर जागा साफ करून दाखवा आणि आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. रंगाखाली काय दडलंय ते कुणालाच माहीत नसतं, आणि रंग निघाल्यावर दिसलेला प्रत्येक ओरखडा तुमच्याच नावावर जातो.